स्थलनामांची साक्ष

गावांची नावे कशी पडली हे सांगणाऱ्या कथा आपल्या देशात गावांइतक्याच विपुल आहेत. बंगळूरची कथा सर्वपरिचित आहे. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीच्या नादात वाट चुकला. एका वृद्धेने त्यास उकडलेली कडधान्ये खाऊ घातली. कृतज्ञ राजाने त्या स्थळास ‘बेंद काळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले आणि पुढे त्याचेच बेंगळूरु झाले. कथा गोड आहे. परंतु बंगळूरजवळच्या बेगूर येथे गंग राजवटीतील, नवव्या शतकाच्या अखेरीचा एक वीरगळ असून त्यावरील कन्नड लेखात ‘बेंगळूरु’ येथील लढाईचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरा वीरबल्लाळ गादीवर आला तो ११७३ साली. राजाच्या जन्मापूर्वी जे नाव दगडावर कोरले गेले, ते त्याने दिले असणे शक्य नाही.

स्थलनामांच्या अभ्यासाचा पहिला नियम या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. नावाच्या आजच्या रूपाकडे पाहून अर्थ लावू नये. त्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने रूप शोधावे आणि तेथून आजच्या रूपापर्यंतची वाट त्या त्या भाषेच्या उच्चारनियमांनुसार जुळते किंवा नाही हे तपासावे. ही वाट जेथे सलग सापडते, तेथे नाव हे इतिहासाचे साधन ठरते.

सौराष्ट्रातील गिरनारचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गिरनार म्हणजे पर्वत, अशी आज आपली समजूत आहे. या पर्वताच्या वाटेवर एक प्रचंड खडक असून त्यावर अशोकाच्या धर्माज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामनाचा लेख आणि स्कंदगुप्ताच्या काळातील लेख असे तीन राजवटींचे लेख कोरलेले आहेत. रुद्रदामनाचा संस्कृत लेख शक ७२ नंतरचा, म्हणजे इ. स. १५० च्या सुमाराचा आहे. सुदर्शन नावाचा तलाव वादळी पावसाने कसा फुटला आणि अमात्य सुविशाख याने तो पुन्हा कसा बांधला, हा त्याचा विषय. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने प्रथम बांधविला होता, हेही तोच लेख सांगतो. आता नावांकडे पाहावे. या लेखात पर्वताचे नाव ‘ऊर्जयत्’ असे आहे. ‘गिरिनगर’ हे नावही त्यात आहे, पण ते शहराचे.

म्हणजे गिरनार हे मुळात डोंगराचे नावच नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले नगर ते गिरिनगर. पुढे त्या शहरास जुनागड, म्हणजे जुना किल्ला, असे म्हणू लागले आणि मोकळे झालेले नाव डोंगरावर जाऊन बसले. गिरिनगर, गिरिनयर, गिरनार हा बदल प्राकृत भाषांच्या नियमांना धरूनच आहे: दोन स्वरांमधला ‘ग’ लोपतो, त्याच्या जागी ‘य’ येतो आणि शेवटी स्वर एकमेकांत मिसळतात. त्याच लेखातील ‘सुवर्णसिकता’ (सोनेरी वाळूची) ही नदी म्हणजे आजची सोनरेख, असे अभ्यासक मानतात. येथे मात्र नावाचा पूर्वार्ध तेवढा नियमाने बदलला आहे; उत्तरार्ध लोकांनी आपल्या समजुतीप्रमाणे घडविला असावा. वाळू विसरली गेली, सोने तेवढे राहिले!

‘नगर’ या शब्दाची अशी झीज इतरत्रही दिसते. संगमनेर, चांपानेर यांतील ‘नेर’ हा नगरच. याउलट अहमदनगर हे पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले शहर. त्याच्या नावातला ‘नगर’ अखंड राहिला आणि २०२४ मध्ये त्याचे अहिल्यानगर झाले तेव्हाही तो तसाच राहिला. झिजलेले पद बहुधा जुने आणि अखंड पद बहुधा अलीकडचे किंवा विद्वानांच्या हातचे, हे अनुमान उपयोगी आहे. पण ते सरसकट लावता येत नाही.

दक्षिणेत असाच उपयोग ‘पळ्ळि’चा होतो. तमिळ ‘पाल्’ (दूध) कन्नडमध्ये ‘हालु’ होते, त्याच न्यायाने मदनपल्लेतील ‘पल्ले’ देवनहळ्ळीत ‘हळ्ळी’ होऊन येते.

बिहार या नावाची कहाणी अधिक करुण आहे. बख्तियार खलजीच्या सैन्याने बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळात जो ‘किल्ला’ जिंकला, तो वस्तुतः विद्यालय होता आणि तेथील भाषेत विद्यालयास ‘बिहार’ म्हणतात, असे मिन्हाज-उस्-सिराज या इतिहासकाराने नमूद केले आहे. हा विहार म्हणजे आजच्या बिहार शरीफ येथील ओदंतपुरी असे मानतात. विहार गेला आणि त्याचे नाव प्रथम शहरास व मग सबंध प्रांतास मिळाले.

राजाज्ञेने दिलेली नावे मात्र टिकतातच असे नाही. महमूद बेगड्याने जुनागडास मुस्तफाबाद म्हटले. औरंगजेबाचा नातू अझीम-उश्-शान याने १७०४ मध्ये पाटण्यास अझीमाबाद केले. पाटणा पाटणाच राहिले. अझीमाबाद उरले ते शाद अझीमाबादी (१८४६-१९२७) यांच्यासारख्या उर्दू कवींच्या नावात.

मोठ्या शहरांच्या नावांवर वाद होतात, म्हणून त्यांची नोंद तरी राहते. इतिहासाला खरी गरज असते ती लहान गावांच्या, ओढ्यांच्या आणि शेतांच्या नावांची. ताम्रपटात दान दिलेल्या गावासोबत त्याच्या चतुःसीमेवरील गावेही सांगितलेली असतात. एकाच नावाची गावे अनेक असल्यामुळे एकट्या नावावरून स्थाननिश्चिती होत नाही. पण तीच चार नावे एकमेकांशेजारी आढळली की शंका उरत नाही. हसमुख सांकळिया यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुजरातच्या कोरीव लेखांतील स्थळांचा असा पद्धतशीर विचार केला आहे. धरणाच्या पाण्याखाली यांतले एखादे गाव गेले, किंवा शेताच्या नावाऐवजी केवळ गट क्रमांक उरला, तर त्या चौकटीची एक बाजू कायमची निखळते. अशी नावे आज पुष्कळदा वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडीच आहेत. ती त्यांच्या उच्चारांसह, शेताच्या बांधावर उभे राहूनच उतरवून घ्यावी लागतात.