आधी रेडिएटर पाहा, मग उसाची खेप भरा



ट्रॅक्टरचे डिझेल आपण रोज पाहतो. रेडिएटरचे पाणी मात्र इंजिन तापल्यावरच आठवते. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत लांबले की जळगाव-धुळ्याचा पारा 40 अंशांपुढे जातो. अशा उन्हात भरल्या ट्रॉल्या ओढणारे इंजिन चढावर तापून थांबले, तर ऊसही रस्त्यावरच वाळतो. तोडलेला ऊस 24 तासांत गाळपाला जावा, असे आम्ही नेहमी सांगतो. उशीर झाला की वजन घटते, रसातली साखर मोडते. वजनाची घट त्या सभासदाच्या बिलात, तर उताऱ्याची घट सगळ्यांच्या भावात दिसते.

पाणी इंजिनातली उष्णता उचलते आणि रेडिएटरच्या जाळीत हवेला देते. साधे पाणी 100 अंशांना उकळते; झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब राहतो, म्हणून ते उशिरा उकळते. झाकणाचे रबर खराब झाले की हा फायदा गेलाच समजा.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बंबात पांढरा थर धरतो, तसाच इंजिनातही धरतो. मग उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलेच कूलंट, दिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्यातून भरावे.

रोज सकाळी इंजिन थंड असताना एवढे पाहावे :

1. पाण्याची पातळी. रोज कमी होत असेल तर नुसते भरत बसू नये, गळती शोधावी.
2. फॅनचा पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का.
3. जाळीत अडकलेले पाचट व धूळ.
4. ऑइलची पट्टी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन चालू न करता मिस्त्रीला दाखवावे.

वाटेत काटा लाल रेषेकडे गेला तर थांबावे आणि इंजिन थोडा वेळ न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवावे. वाफ उसळत असेल, पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. गरम झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो.

काढलेले जुने कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते उघड्यावर ठेवू नये, चारीत ओतू नये. बैल, वासरू किंवा कुत्रे तोंड लावील.

हा मजकूर आपल्या ड्रायव्हरभाऊंना आवर्जून वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी