परतीच्या प्रवासाचे अंदाजपत्रक

सुट्टीचा बेत ठरू लागला की घरात एक वेगळीच लगबग सुरू होते. कोणत्या दिवशी निघायचे, वाटेत न्याहारी कोठे घ्यायची, कोणकोणती स्थळे पाहायची, कोणाकडे मुक्काम करायचा, याचा काथ्याकूट कित्येक दिवस चालतो. गाडी तपासून घेतली जाते, टाकी काठोकाठ भरली जाते, फास्टॅगमध्ये रक्कम जमा होते, औषधांची पिशवी भरली जाते. परतीच्या प्रवासाबाबत मात्र 'रविवारी निघू आणि रात्रीपर्यंत पोहोचू' एवढा एकच ठराव बहुधा एकमताने मंजूर होतो.

बँकेत कर्जखाती हाताळणाऱ्यांना हा स्वभाव परिचयाचा आहे. कर्ज उचलण्याचा दिवस साऱ्यांच्या लक्षात असतो. परतफेडीच्या तारखा मात्र कागदावर राहतात. परतीच्या प्रवासाचेही असेच असते. वस्तुतः अंतर तेच असले तरी तो जाण्याच्या प्रवासापेक्षा अवघड असतो, कारण निघताना जे जे पूर्ण भरलेले होते, ते ते सर्व तोवर रिकामे होत आलेले असते. इंधन, फास्टॅगमधील शिल्लक, टायरमधील हवा, खिशातील रोकड, मुलांचा उत्साह आणि चालकाची झोप, सगळेच. म्हणून परतीचे नियोजन जाण्याच्या नियोजनाआधी करावे, असे मला अनुभवांती वाटू लागले आहे. उदाहरणासाठी मी रत्नागिरी ते बेंगळुरू हा मार्ग घेतला आहे. कोकणातील मूळ गावी मे महिना घालवून कर्नाटकात नोकरीच्या ठिकाणी परतणारी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांपैकी एक आमचे आहे.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही असेच परतत होतो. पहाटे साडेपाचला उठलो, पण निरोप, शेजारच्या दोन घरांतील चहा आणि आंब्याच्या पेट्या बसविण्याची खटपट आटोपून गाडी हलली तेव्हा दहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार; कामावर रुजू व्हायचेच या हट्टाने मी वाटेत मुक्काम टाळला. रात्री अकराच्या सुमारास चित्रदुर्ग मागे टाकून हिरियूरच्या दिशेने जात असता माझे डोळे केव्हा मिटले, हे मला आजही सांगता येत नाही. डावे चाक डांबर सोडून मुरुमावर उतरले आणि त्या खडखडाटाने पत्नी दचकून जागी झाली. "अहो, गाडी बाजूला घ्या!" एवढेच ती म्हणाली. पुढे शंभर-दीडशे मीटरवर एक ट्रक दिवे न लावता कडेला उभा होता. मागील आसनावर आई आणि मुलगा झोपलेले होते. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. जवळच्या पेट्रोल पंपावर गाडी उभी करून आम्ही पहाटेपर्यंत तेथेच थांबलो. जी एक दिवसाची किरकोळ रजा वाचविण्यासाठी हा खटाटोप केला, ती अखेर घ्यावी लागलीच.

त्या रात्री मी साडेसतरा तास जागा होतो. सलग सतरा तास जागरण झालेल्या व्यक्तीची प्रतिक्रिया देण्याची क्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी मंदावते, असे याविषयीच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. आपल्या कायद्याने वाहनचालकाला घालून दिलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे मद्याचा थेंबही न घेतलेला गृहस्थ केवळ जागरणाने त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते; चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटरचा आंधळा प्रवास. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेचा अंमल स्वभावतःच अधिक असतो. खिडकीची काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे या उपायांचा परिणाम फार वेळ टिकत नाही. कॉफी उपयोगी पडते, पण तिचा परिणाम जाणवण्यास अर्धा तास लागतो. तेव्हा कॉफी घेऊन गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, हे उत्तम. अर्थात ही तात्पुरती सोय आहे. रात्रीच्या झोपेची जागा ती घेऊ शकत नाही.

आता अंतराचा हिशोब पाहू. रत्नागिरी ते कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तेथून बेळगाव ११०, पुढे हुबळी ९५, दावणगेरे १४५, चित्रदुर्ग ६०, तुमकूर १३० आणि शेवटी बेंगळुरू ७०. एकूण सुमारे ७४० किलोमीटर. भ्रमणध्वनीवरील नकाशा जो वेळ दाखवितो, तो न थांबणाऱ्या गाडीचा असतो. त्यात लहान मुलाची लघुशंका नसते, आजीचे गुडघे नसतात आणि धारवाडचा पेढाही नसतो. साखरपा सोडल्यावर आंबा घाट चढताना भरलेल्या गाडीचा सरासरी वेग पस्तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. कोल्हापूर गाठण्यास साडेतीन तास धरणेच शहाणपणाचे. चौपदरी महामार्गावर थांबे वगळून ताशी साठ-पासष्टची सरासरी पुष्कळ झाली. दर दोन तासांनी वीस मिनिटांचा थांबा आणि दोन जेवणे मिळविली की हा प्रवास सोळा-सतरा तासांचा होतो. एकच चालक असलेल्या कुटुंबाने तो एका दिवसात करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन चालक असल्यास विचार करता येईल, पण तोही दोघांची आदल्या रात्रीची झोप पूर्ण झाली असेल तरच.

आमची आताची विभागणी अशी आहे. पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघून हुबळीपर्यंत सुमारे ३३५ किलोमीटर, दुपारी तीन-साडेतीनपर्यंत मुक्कामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला निघून उरलेले ४०५ किलोमीटर. लवकर मुक्कामी पोहोचण्यामागे आणखी एक कारण आहे. मेअखेरीस बेळगाव-धारवाड पट्ट्यात दुपारनंतर वळिवाच्या सरी कोसळतात. त्या वेळी रस्त्यावर असण्यापेक्षा खोलीच्या खिडकीतून पाऊस पाहिलेला बरा. मुक्कामाची खोली सुट्टीला निघण्यापूर्वीच आरक्षित करावी. 'वाटेत पाहू' असे म्हटले की थकलेला माणूस 'आता थोडेच राहिले' या मोहाला बळी पडतो. आरक्षण हा त्या मोहाविरुद्धचा लेखी करारच समजावा.

धारवाड-हुबळी बाह्यवळणाचा मुद्दाम उल्लेख करतो. दोन्ही बाजूंच्या रुंद महामार्गामध्ये हा तुकडा दीर्घकाळ दुपदरी राहिला होता. जानेवारी २०२१ मध्ये दावणगेरेहून गोव्याला सहलीसाठी निघालेल्या महिलांच्या लहान बसला येथेच इटिगट्टीजवळ अपघात झाला आणि दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. रुंद रस्त्यावर लागलेली वेगाची सवय अरुंद रस्त्यावर लगेच सुटत नाही. कोणत्याही मार्गाचा आराखडा करताना रस्त्याची रुंदी कोठे बदलते, घाट कोठे आहे आणि काम कोठे चालू आहे, या तीन गोष्टी टिपून ठेवल्यास पुष्कळ साधते. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे. परंतु समोरच्यास तो ठाऊक असेलच, असे गृहीत धरू नये.

पट्ट्याबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मृतांपैकी १६,७१५ व्यक्तींनी सीट बेल्ट लावलेला नव्हता आणि त्यांतील ८,३३१ हे चालक नव्हे, तर सोबतचे प्रवासी होते. मागील आसनावरही पट्टा सक्तीचा आहे; चौदा वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा बालआसन लावण्याची जबाबदारी कायद्याने चालकावर टाकली असून त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम येथे गौण आहे. आजीला पट्टा काचतो, ही तक्रार आमच्याही घरी होती. खांद्यावर मऊ पंचा ठेवून ती मिटली.

कोकणातून परतणाऱ्या गाडीचे वजन हा स्वतंत्र विषय आहे. एक आंबा पाव किलोचा धरला तरी पाच डझनांची पेटी, लाकूड सोडून, पंधरा किलोची होते. तीन पेट्या, दोन फणस, कोकम सरबताच्या बाटल्या, कुळथाचे पीठ आणि निघता निघता कोणीतरी प्रेमाने ठेवलेला नारळांचा पोता. गाडीत नकळत आणखी एका माणसाचा भार वाढतो. बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराजवळ टायरमधील हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो आणि परतीला तोच लागू होतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. धावून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढू नये. पेट्या मागच्या काचेखालील फळीवर मुळीच ठेवू नयेत. जोराचा ब्रेक लागल्यास त्या थेट डोक्यावर येतात. जड वस्तू तळाशी आणि मागील आसनाला टेकून ठेवाव्यात.

आता खर्चाकडे वळू. सुट्टीच्या एकूण रकमेतून परतीचा खर्च आरंभीच बाजूला काढावा आणि त्याला मध्ये हात लावू नये. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ७४० किलोमीटरसाठी सुमारे पन्नास लिटर पेट्रोल लागते. लिटरचा दर शंभर रुपयांच्या आसपास धरल्यास हेच पाच हजार रुपये झाले. मुक्काम, जेवणे, पथकर आणि आकस्मिक दुरुस्ती मिळविल्यास हा आकडा सहज दुपटीच्या पुढे जातो. यासाठी वेगळ्या बचत खात्यात रक्कम ठेवणे सर्वांत सोयीचे. त्या खात्याचे कार्ड पतिपत्नींपैकी दुसऱ्याजवळ असावे. एकाचे पाकीट हरवले तरी घर गाठता येते. घाटात भ्रमणध्वनीला संपर्कक्षेत्र मिळेलच असे नाही, म्हणून दोन-तीन हजारांची रोकड, तीही लहान नोटांत, जवळ असू द्यावी.

फास्टॅगमध्ये निघताना भरलेली रक्कम परतेपर्यंत बहुधा संपत आलेली असते. रांगेत उभे राहून घाईने रक्कम भरण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी भरावी, म्हणजे शिल्लक अद्ययावत होण्यास वेळ मिळतो. केवायसी अपूर्ण राहिल्याने टॅग निष्क्रिय झाला असल्यास ते अनेकांना कोगनोळीच्या पथकर नाक्यावरच कळते आणि मग जादा शुल्क देणे आले. खासगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पासची योजना सुरू झाली. एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांवर तो चालत नाही, हे ग्राहकांना आम्हाला वारंवार सांगावे लागते. वर्षातून एकदाच गावी जाणाऱ्याने तो घेण्यापूर्वी आपल्या मार्गावरील पथकराची बेरीज करून पाहावी.

टॅग अडला की घाईत इंटरनेटवर 'ग्राहक सेवा क्रमांक' शोधला जातो आणि नेमका येथे लबाडांचा डाव साधतो. क्रमांक नेहमी टॅग देणाऱ्या बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून घ्यावा; ओटीपी किंवा यूपीआय पिन कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० वर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक एका कागदावर लिहून गाडीत ठेवावेत, कारण भ्रमणध्वनीची बॅटरीही परतीच्या प्रवासातच संपते. वाहनाचा विमा किंवा प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत सुट्टीच्या मध्यावरच संपत नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. डिजिलॉकरमधील कागदपत्रे ग्राह्य धरली जातात.

शेवटचा टप्पा तुमकूर ते बेंगळुरू. अंतर अवघे सत्तर किलोमीटर, परंतु रविवारी संध्याकाळी सारे शहर सुट्टीवरून परतत असते आणि नेलमंगलापासून पुढे गाड्यांची रांग लागते. सातशे किलोमीटर सुखरूप आलेला चालक येथे चिडतो, हॉर्न वाजवितो, मार्गिका बदलतो. आम्ही आता रविवारी दुपारी अडीचपूर्वी नेलमंगला ओलांडतो. त्यासाठी शनिवारी गाव सोडावे लागते आणि आईची त्याबद्दल दरवर्षी नाराजी असते. सोमवारची रजा मात्र मी सुट्टीच्या अर्जातच मागून ठेवतो.

घरी पोहोचल्यावर लागणाऱ्या वस्तूंची एक लहान पिशवी आम्ही वेगळी भरतो. तीत घराची किल्ली, रात्रीचे कपडे, आईची औषधे आणि खिचडीपुरते डाळ-तांदूळ असतात. बाकीचे सामान दुसऱ्या दिवशी उतरविले तरी चालते. आंब्याच्या पेट्या मात्र त्याच संध्याकाळी वर आणून उघडाव्या लागतात. बंद गाडीच्या उष्णतेत दोन दिवस राहिलेली फळे आणखी एक रात्र टिकत नाहीत.