पोलिसाची विद्या

पोलिस अधिकारी व्हावयाचें, अशी इच्छा वरच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या व अलीकडे मुलींच्याहि तोंडून ऐकूं येते. नेसरीच्या रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारे तरुण धांवत असतात. घरच्या वडील मंडळींना वर्दीचा मान व पगाराची शाश्वती यांचें आकर्षण असतें, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु या पेशाला कोणती विद्या लागते व ती कोठें मिळते, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

नेसरीचें नांव इतिहासांत राहिलें तें सरनोबत प्रतापराव गुजर यांच्यामुळें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं अवघ्या सहा स्वारांसह ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व सातहि जण येथील खिंडींत कामास आले. शौर्य म्हटलें कीं या गांवच्या मुलाला ती दौड आठवावयाचीच. पण सैनिकाचें शौर्य निराळें आणि पोलिसाचें निराळें. सैनिकापुढें शत्रु उभा असतो. पोलिसापुढें उभा असतो तो आपल्याच मुलखांतला माणूस; आणि तो अपराधी आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार पोलिसाला नाहीं, तो न्यायाधीशाला आहे. स्वतःचा हात कोठें आवरावयाचा, हें पोलिसाला प्रथम शिकावें लागतें.

या शिक्षणाची कल्पना आपल्याकडे उशिरां आली. १८६१ च्या कायद्यानें पोलिसदलाची घडी बसली, पण ती मुख्यतः राज्य राखण्यासाठीं. १९०२-०३ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या कमिशननें देशभर चौकशी केली. दल शिक्षणांत उणें, देखरेखींत ढिलें आणि लोकांच्या नजरेंत लांचखाऊ व जुलमी आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर १९०६ सालीं पुण्याजवळ भांबुर्डें येथें पोलिसांची शाळा निघाली व १९०९ सालीं ती नाशिकास गेली. आजची महाराष्ट्र पोलिस अकादमी ती हीच. अमेरिकेंत बर्कली शहराचे पोलिसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनीं १९१६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतच पोलिसांचे वर्ग चालू केले. नॉर्वेंत तर तीन वर्षांची पोलिस-पदवी घेतल्यावांचून पोलिसांत शिरतांच येत नाहीं.

आपल्याकडे तशी सक्ती नाहीं. शिपायास बारावी पुरते. उपनिरीक्षक, म्हणजे ज्याला आपण फौजदार म्हणतों तो, होण्यास कोणत्याहि शाखेची पदवी व महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते. याच आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेंतून उपअधीक्षक निवडले जातात. भारतीय पोलिस सेवेसाठीं संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा असते व पुढील शिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल अकादमींत होतें. नेसरीच्या महाविद्यालयांत मिळविलेली पदवी यांपैकीं कोणत्याहि परीक्षेस चालते, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. कायद्याची आवड असेल त्याला कोल्हापुरांत शहाजी विधि महाविद्यालय आहे. विज्ञानाकडे ओढा असेल त्यासाठीं मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. या शास्त्रांत आपली माणसें मागें नव्हतीं. बोटांच्या ठशांची जगांतील पहिली कचेरी १८९७ सालीं कलकत्त्यास निघाली, आणि ठशांचें वर्गीकरण बसविण्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी फौजदारांचा मोठा वांटा होता. पद्धतीला नांव मात्र त्यांच्या साहेबाचें, हेन्रीचें, पडलें!

शिपायांच्या भरतींत मैदानी चांचणीला ५० गुण असतात व लेखी परीक्षेला १००. नोकरींत शिरल्यावर लेखणीचें पारडें याहूनहि जड होतें. पंचनामाच घ्या. समजा, घरचीं माणसें शेतावर गेलीं असतां भरदिवसां चोरी झाली. फौजदार दोन पंच बोलावतो व जें दिसतें तें लिहितो: घराची चतुःसीमा, दाराचें तोंड कोणत्या दिशेस, कोयंडा कोठें उचकटला आहे, पेटी भिंतीपासून किती अंतरावर उघडी पडली आहे. पुढें संशयिताजवळ मंगळसूत्र सांपडतें. आपण म्हणूं, सोन्याचें मंगळसूत्र. पंचनाम्यांत लिहितात, ‘पिवळ्या धातूचें’. सोनें कीं पितळ, हें सोनार कसास लावून सांगेल. फौजदाराला रंगच तेवढा दिसला आहे. तसाच भिंतीवरचा डाग ‘रक्ताचा’ नसतो, ‘तांबूस काळसर’ असतो, कारण रक्त कीं आणखी कांहीं, हें प्रयोगशाळेनें ठरवावयाचें. मग ती वस्तु कागदांत गुंडाळून, दोरा बांधून, लाखेची मोहर करून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून ठेवतात. कांहीं वर्षांनीं गडहिंग्लजच्या न्यायालयांत वकील नेमका त्या मोहरेविषयींच प्रश्न विचारतो. ती तुटलेली निघाली, कीं संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि सबंध तपास व्यर्थ जातो. निबंधांत विशेषणें पेरण्याची सवय आम्ही शिक्षकच मुलांना लावतों. ती येथें सोडावी लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम हे नवे कायदे अंमलांत आले. झडतीचें ध्वनिचित्रमुद्रण करावें, असें त्यांत सांगितलें आहे. जुन्या कायद्यांतील एक नियम मात्र त्यांत कायम राहिला, आणि मला तोच या विद्येचा गाभा वाटतो. पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाहीं. १८७२ च्या कायद्यांत हें पंचविसावें कलम होतें, आतां तें तेविसावें आहे. चोर स्वतः कबूल होत असतां तें मानावयाचें कां नाहीं? उन्हातान्हांत पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षां सावलींत बसून एखाद्या दुबळ्याच्या डोळ्यांत तिखट चोळणें सोपें, अशा अर्थाचे एका अधिकाऱ्याचे उद्गार सर जेम्स स्टीफन यांनीं नमूद करून ठेवले आहेत. कायद्यानें हा सोपा मार्ग निरुपयोगी करून टाकला, तो अधिकाऱ्यानें उन्हांत हिंडावें म्हणून. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आंत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें, हें घटनेच्या बाविसाव्या कलमांत आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचें नांव स्पष्ट दिसावें व अटकेची खबर नातलगास मिळावी, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत बजावलें. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं, अपवादाखेरीज, स्त्रीला अटक करतां येत नाहीं, आणि अपवाद असला तरी स्त्री-अधिकारी लागतेच. पोलिसांत मुलींचें काय काम, असें विचारणाऱ्या पालकांनीं हा नियम पाहावा.

हा संयम सुटला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण फार दूर शोधावयास नको. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें माणूस जन्मावरूनच गुन्हेगार ठरूं लागला. कांहीं जातींच्या लोकांना कांहींहि अपराध नसतां रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. देशांतून तो कायदा १९५२ सालीं गेला. तरी गांवांत चोरी झाली कीं आधीं कोणाचीं पालें तपासावीं, ही खोड आपल्या मनांतून गेली आहे, असें म्हणवत नाहीं. ‘त्यांच्यापैकींच कोणीतरी असेल’ हें वाक्य नव्या फौजदाराला पहिल्याच दिवशीं ऐकावें लागेल, आणि तें सांगणारे आपणच असूं.

ज्यांना या मार्गानें जावयाचें आहे त्यांनीं एक अभ्यास आतांपासून करून पाहावा. आपल्या घरच्या सोप्याचा पंचनामा एका पानांत लिहावा. दिशा, अंतरें, वस्तु व त्यांची मांडणी एवढेंच त्यांत यावें. ‘सुंदर’, ‘बहुधा’, ‘वाटतें’ हे शब्द टाळावे. मग तो कागद, तें घर न पाहिलेल्या मित्राला द्यावा व त्यावरून त्यानें नकाशा काढावा. खिडकी भलत्याच भिंतींत आली तर पुन्हां लिहावें. मोजावयास टेप नसला तरी हात व वीत चालेल.