ब्राउझर कोणता निवडावा?

मोबाइल विकत घेतांना वडीलमंडळी चार दुकानें हिंडतात. परंतु त्यावर वेबपृष्ठें दाखविणारा ब्राउझर मात्र जो आयता आला असेल तोच बहुधा वापरला जातो. सन २०२४ व २०२५ मध्यें या क्षेत्रांत असा एक बदल घडला आहे कीं, ही निवड आतां विचारपूर्वक करणें प्रत्येक घरास अगत्याचें झालें आहे. त्या बदलाचें स्वरूप समजून घेणें हा या लेखाचा हेतु होय.

ब्राउझर म्हणजे जगभरच्या संगणकांवरील पृष्ठें मागवून तीं आपणांपुढें मांडणारें साधन. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत रचला. आपण एक पृष्ठ मागितलें म्हणजे ब्राउझर एकच मागणी पाठवितो असें नाहीं. मजकूर एका ठिकाणाहून, चित्रें दुसऱ्या ठिकाणाहून व जाहिराती तिसऱ्याच ठिकाणाहून येतात. आणि प्रत्येक मागणीबरोबर आपली थोडीबहुत माहिती त्या त्या ठिकाणीं पोंचते.

जाहिरात ही स्वभावतः वाईट नव्हे. जवळच्या किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ आरंभीं कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांस कळविण्याकरितांच होती. पुढें तिचेंच ‘किर्लोस्कर’ हें नामांकित मासिक झालें. अल्प वर्गणींत उत्तम मजकूर देणें नियतकालिकांस जाहिरातींच्या उत्पन्नामुळेंच साधतें. परंतु छापील जाहिरात कागदावर स्वस्थ असते. वाचक तिच्याकडे पाहतो, ती वाचकाकडे पाहत नाहीं. वेबवरील जाहिरात मात्र वाचकाकडे पाहते. त्यानें काय वाचलें, कोठें थांबला, याची ती नोंद ठेविते. शिवाय लबाडांनाही ती सोयीची आहे. विद्यार्थी जुनी प्रश्नपत्रिका शोधतो व ‘डाउनलोड’ असें बटण दाबतो. तें जाहिरातीचें निघतें. वडील बेदाण्याचा भाव पाहूं जातात, तों ‘आपला मोबाइल बिघडला आहे’ अशी खोटी सूचना पुढें येते. अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. या तपाससंस्थेनें डिसेंबर २०२२ मध्यें अशा फसवणुकीपासून बचावासाठीं जाहिरात-रोधक वापरण्याचा सल्ला नागरिकांस दिला होता.

जाहिरात-रोधक हें ब्राउझरला जोडावयाचें लहानसें साधन होय. अशा साधनांस ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. त्यांत रेमंड हिल यांचें ‘यूब्लॉक ऑरिजिन’ विशेष प्रसिद्ध आहे. तें विनामूल्य असून त्याचे कर्ते देणग्याही घेत नाहींत.

आतां बदल कोणता, तें पाहूं. वाड्याच्या देवडीवर आपण आपला विश्वासू पहारेकरी ठेविला आहे अशी कल्पना करा. येणाऱ्या प्रत्येकास तो थांबवितो, चौकशी करितो आणि वेष पालटून आलेल्यासही ओळखतो. ही जुनी पद्धति. नव्या पद्धतींत पहारेकऱ्यानें देवडी सोडावयाची. कोणास अडवावें याची यादी आधीं लिहून वाड्याच्या कारभाऱ्याकडे द्यावयाची, व अंमल कारभाऱ्यानें करावयाचा. यादीवरून पुष्कळ जाहिराती अडतात हें खरें. परंतु क्षणोक्षणीं रूप पालटणाऱ्यांपुढें ती अपुरी पडते. या नव्या पद्धतीस ‘मॅनिफेस्ट व्ही-थ्री’ असें नांव आहे. गूगलच्या क्रोम ब्राउझरनें २०२४ पासून जुन्या पद्धतीचीं एक्स्टेन्शनें बंद करण्यास आरंभ केला व २०२५ मध्यें तें काम पुरें झालें.

गूगलचें म्हणणें असें कीं, यामुळें सुरक्षितता व वेग वाढतो. तें निराधार नाहीं. पहारेकरीच चोर निघाला तर काय? २०१७ सालीं क्रोमच्या भांडारांत ‘अॅडब्लॉक प्लस’ या नांवाचें बनावट एक्स्टेन्शन शिरलें व तें काढून टाकीपर्यंत सुमारें ३७,००० जणांनीं घेतलें होतें. तथापि गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींचा आहे, हेंही विसरतां येत नाहीं. शुभवर्तमानांत दोन धन्यांच्या चाकरीविषयीं जें सांगितलें आहे, तें येथें सहज आठवतें.

मग निवड कशी करावी? क्रोम सोडावयाचा नसेल त्यांनीं संगणकावर ‘यूब्लॉक ऑरिजिन लाइट’ हें नव्या पद्धतीचें साधन घ्यावें. सामान्य वापरास तें पुष्कळ अंशीं पुरतें. अँड्रॉइड मोबाइलवरील क्रोम मात्र अशीं एक्स्टेन्शनें घेत नाहीं. मोझिलाच्या फायरफॉक्सनें जुनी पद्धतिही चालू ठेविली असून अँड्रॉइड मोबाइलवरही त्यांत यूब्लॉक ऑरिजिन चालतें. ब्रेव्ह हा क्रोमच्याच पायावर उभा असला तरी त्याचा जाहिरात-रोधक अंगभूत आहे. परंतु येथेंही डोळस असावें. मोझिलाचें उत्पन्न मुख्यतः गूगलकडूनच येतें, आणि ब्रेव्ह स्वतःच्या जाहिराती विकतो. सर्वस्वी निःस्वार्थ असें साधन क्वचितच सांपडतें. कोणाचा स्वार्थ कोठें आहे हें ओळखून निवडणें एवढेंच आपल्या हातीं असतें.

पालकांनीं तीन गोष्टी अवश्य कराव्या. एक्स्टेन्शन घेतांना त्याच्या नांवाबरोबर कर्त्याचें नांवही पडताळावें. एका कामास एकच साधन ठेवावें. आणि जें वृत्तपत्र वा शैक्षणिक स्थळ सचोटीनें चालतें, त्याची वर्गणी भरावी, अथवा त्यापुरता रोधक बंद ठेवावा. कारण फुकट वाचनाचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. एवढें करूनही फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विलंब न लावतां कळवावें.

विद्यार्थिमित्रांनो, बेदाणा चाळणींतून काढून त्याची प्रतवारी केल्याखेरीज आपल्या गांवीं कोणी सौदा करीत नाहीं. मग जें दिवसभर डोळ्यांवाटे मनांत जातें, त्यास चाळणी नको काय? ती कोणती असावी हें दुसऱ्यानें ठरविण्यापूर्वीं आपणच विचारपूर्वक ठरवावें, यांत आपलें हित आहे.