देणगीची वही वेगळी, मताची वेगळी

पुण्यात आमच्या भागातले काही कार्यकर्ते एक पोर्टल चालवतात. प्रभागात कोणती कामं व्हायला हवीत ते नागरिक तिथे लिहितात, इतरांच्या सूचनांना पाठिंबा देतात, आणि ज्यांना जास्त पाठिंबा मिळेल त्या सूचना क्षेत्रीय कार्यालयात दिल्या जातात. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. त्या कामाला लोकांची जोड मिळावी, एवढाच या पोर्टलचा हेतू. त्याची तांत्रिक बाजू मी सांभाळते.

पोर्टलचा वापर वाढला तशा दोन मागण्या एकदमच पुढे आल्या. सर्व्हरचा आणि एसएमएसचा खर्च झेपेना, म्हणून देणगी घेण्याची सोय हवी होती. दुसरीकडे, एकाच माणसाने वेगवेगळ्या नावांनी पाठिंबा दिल्याच्या तक्रारी येत होत्या, म्हणून पडताळणी हवी होती. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. बैठकीत त्यावर एक उपाय सुचवला गेला आणि तो सगळ्यांना पटलाही. बँकेने खातेदाराची केवायसी केलेलीच असते, तेव्हा जो एक रुपया ऑनलाइन भरेल तो खरा माणूस समजायचा. जास्त देईल त्याच्या नावापुढे ‘देणगीदार’ अशी खूण द्यायची.

अशी व्यवस्था कुठे करायचा विचार चालू असेल तर तो तिथेच थांबवावा, असं मी कळकळीने सांगेन. आमच्याकडे ती सुरू झाल्यावर प्रभागाच्या बैठकीत सूचनांची यादी भिंतीवर दाखवली जात होती. वस्तीतून आलेल्या एका बाईंनी विचारलं, “ज्यांच्या नावापुढे खूण आहे, त्यांचं आधी धरता का?” तसं काहीच नव्हतं. सगळ्यांचा पाठिंबा सारखाच मोजला जात होता. पण ते त्यांना पटवायचं कसं? पडद्यावर वरच्या सूचना खूणवाल्यांच्या दिसत होत्या आणि वस्तीतली स्वच्छतागृहाची दुरुस्ती खाली होती. त्यानंतर त्या गल्लीतून सूचना येणं जवळजवळ थांबलं. खूण काढून टाकली, एक रुपयाची अटही गेली, पण लोकांना पुन्हा आणायला फार काळ लागला.

म्हणून पैसा आणि मत यांची नोंद वेगवेगळ्या जागी ठेवा. देणगीच्या पानावर लॉगिन मागू नका. सूचना मांडणाऱ्याच्या खात्यात तो देणगीदार आहे की नाही याची नोंदच नको, म्हणजे पुढे कोणी खूण दाखवायची म्हटली तरी दाखवता येणार नाही.

आता पैशांविषयी. देणगीदार यूपीआयने पैसे भरतो, त्याच्या खात्यातून रक्कम जाते, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जाऊन आपलं ‘धन्यवाद’चं पान उघडत नाही. एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत हेच झालं. पान आलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा भरले, मग पुन्हा. पेन्शनमधले पैसे तीनदा गेले आणि पावती एकही नाही. कारण पावती पान उघडण्यावर अवलंबून होती. पैसे मिळाले की नाही हे देणगीदाराच्या ब्राउझरवरून ठरवायचंच नसतं. पेमेंट गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. पावती त्यावरच काढायची. तो निरोप खरंच गेटवेकडून आला आहे का हे त्याच्या सहीवरून तपासायचं. आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो, तेव्हा व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसरी पावती निघता कामा नये. पैसे भरायच्या बटणाखाली एक वाक्य ठळक लिहा: ‘रक्कम कापली गेली आणि पावती आली नाही, तर पुन्हा भरू नका, आम्हाला कळवा.’ फसलेला यूपीआय व्यवहार दुकानदाराच्या किंवा संस्थेच्या नावे असेल तर रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तोही तिथेच सांगा.

हिशेबात आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. कोणी नेटबँकिंगने १,००० रुपये दिले आणि गेटवेचा आकार २ टक्के असला, तर त्या २० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून बँकेत ९७६ रुपये ४० पैसेच जमा होतात. पावती १,००० चीच द्यायची आणि २३ रुपये ६० पैसे खर्चात दाखवायचे. जमा रकमेची पावती दिली की देणगीदार नाराज होतो आणि वर्षअखेरीस ताळाही जमत नाही.

कोड लिहायला बसण्याआधी सीएंना भेटा. देणगीदाराला ८०जी ची करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचं विवरण प्राप्तिकर खात्याला द्यावं लागू लागलं. देणगीदाराचा पॅन त्यासाठीच लागतो. पण तो ज्याला सवलत हवी आहे त्याच्याकडूनच मागा, शंभर रुपये देणाऱ्या प्रत्येकाकडून नव्हे. नाव आणि पत्ता मात्र सगळ्यांचा घ्या. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की सेवाभावी संस्थेला त्यांवर ३० टक्के कर भरावा लागतो.

परदेशातल्या आपल्या माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. न्यू जर्सीतला एखादा पुणेकर प्रेमाने पैसे पाठवू पाहतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने आले, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तीच रक्कम परदेशी देणगी ठरून एफसीआरए कायद्याखाली येते. मग नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. लहान संस्थेने देणगीच्या पानावर नागरिकत्व विचारावं आणि गेटवेवर परदेशी कार्डं बंद ठेवावीत. चोरलेली कार्डं चालतात का हे बघण्यासाठी चोर देणगीच्या पानांवर लहान रकमा टाकून पाहतात, त्यालाही त्यामुळे बराच आळा बसतो.

पडताळणीसाठी पहिला विचार ओटीपीचा येतो. त्याच्या एसएमएसचा मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावं लागतं, त्याला वेळ लागतो. मराठीत पाठवायचा तर एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. लांब वाक्य लिहिलं की दोन एसएमएसचे पैसे पडतात. तरीही मराठीतच पाठवा, फक्त वाक्य आखूड करा.

यातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. एका क्रमांकावर एकच मत, असा नियम लावला की ज्या घरात एकच फोन आहे तिथे एकच मत उरतं, आणि फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. सासू आणि सून दोघी यादीतून गळतात. बनावट मतं रोखायला बसवलेली चाळणी खऱ्या माणसांना वगळते. स्पेनमध्ये माद्रिद शहराने २०१५ मध्ये ‘डिसाइड माद्रिद’ सुरू केलं, तेव्हा नागरिक कार्यालयात जाऊन समक्ष ओळख पटवण्याची वाटही खुली ठेवली होती. आपल्याकडे बचत गटाची बैठक ही त्यासाठी उत्तम जागा आहे. बायकांना ओळखणारी माणसं तिथेच असतात. कार्यकर्त्याने जाऊन नोंद करावी, फोनची अट घालू नये. आणि नुसती सूचना मांडायला पडताळणी मागूच नका. ती फक्त मोजणीच्या वेळी लागते.

आधार कार्डाचा फोटो मागवणं सगळ्यात सोपं वाटतं, पण त्या वाटेला जाऊ नका. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांना आधार वापरू देणारी आधार कायद्याच्या कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेतू संपल्यावर माहिती पुसायला सांगतो आणि सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. बार्सिलोनात घडलेल्या ‘डेसिदिम’ या खुल्या प्रणालीत ओळखपत्राच्या क्रमांकापासून गुप्त किल्लीने तयार केलेला संकेत जपतात. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की संकेत जुळतो आणि दुसरं खातं अडतं. कागदाची प्रत ठेवण्याची गरजच पडत नाही.

तुमच्या संस्थेच्या ड्राइव्हवर, ईमेलमध्ये किंवा कुणा कार्यकर्त्याच्या व्हॉट्सअॅपवर लोकांच्या आधार कार्डांचे फोटो आज साठलेले असतील, तर देणगीचं बटण नंतर बसवा. आधी ते फोटो बॅकअपसकट पुसून टाका आणि ज्यांचे होते त्यांना तसं कळवा.