चौथी डिस्क कधी गेली?

(लाजपत नगरमधला लग्नाच्या फोटो-व्हिडिओंचा छोटा स्टुडिओ. चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क, लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड 5 मध्ये एकत्र बांधलेल्या, म्हणजे एक अॅरे. भाची स्टुडिओतून फोनवर. मामा नोएडात, सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत.)

भाची : मामा, सगळं गेलं रे! सकाळी लाइट गेली, आली, आणि आता एकही फोल्डर उघडत नाहीये. एक डिस्क गेली तरी चालतं म्हणाला होतास. इथे दोन गेल्यात.

मामा : दोन गेल्यावर नाही चालत. पण आधी सांग, तू आतापर्यंत काय काय करून बसलीयेस?

भाची : फक्त रीस्टार्ट. शेजारच्या दुकानातला मुलगा म्हणतोय, अॅरे नव्यानं ‘क्रिएट’ करून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे.

मामा : त्याला चहा पाज आणि कीबोर्डपासून लांब बसव. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी नोंद असते, सुपरब्लॉक. अॅरेत डिस्क किती, ही कितवी, तुकडे केवढे, डेटा नेमका कुठून सुरू होतो, हे सगळं त्यात. क्रिएट ही नोंद खोडून नवी लिहितं. क्रम चुकला की झालं. शिवाय रेड 5 मध्ये ते लगेच एका डिस्कवर पॅरिटीचं लिखाणही सुरू करतं. बंद पडलेल्या डिस्कमुळे लोकांचा जेवढा डेटा बुडाला नसेल, तेवढा या एका आज्ञेनं बुडालाय.

भाची : पॅरिटी म्हणजे ते बेरजेचं काहीतरी ना?

मामा : तीन डिस्कवर एकाच जागी 1, 0, 1 असं आहे समज. एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथीवर 0. मधली गेली, तर उरलेल्यांत 1, 1, 0. 1 दोनदा आला, म्हणजे आधीच सम. मग गेलेला अंक 0 च होता.

भाची : म्हणजे हॉटेलचं बिल आणि तिघांचा वाटा माहीत असला की चौथ्याचा निघतो, तसंच.

मामा : तसंच. आणि दोघांचे वाटे माहीत नसतील तर नाही निघत. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या निबंधात रेडचे स्तर मांडले. मेनफ्रेमच्या एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क लावायच्या, आणि त्या मरणारच हे गृहीत धरून हिशेब करायचा. असो. आता लिही. एमडीएडीएमला, म्हणजे लिनक्सवर अॅरे सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, ‘एक्झामिन’ सांग, चारही डिस्कवर एकेक करून. ते फक्त वाचतं. प्रत्येकीचा सीरियल नंबरही टिपून ठेव. एसडीबी, एसडीसी ही नावं पुढच्या बूटला बदलू शकतात, सीरियल नंबर बदलत नाही.

भाची : थांब... बरंच काय काय आलंय. काय बघू?

मामा : दोनच ओळी. ‘इव्हेंट्स’ आणि ‘अपडेट टाइम’.

भाची : पहिली 48210. दुसरीही 48210. तिसरी 48197. चौथी... 31604? ही एवढी मागे कशी?

मामा : तारीख वाच.

भाची : पहिल्या तिन्ही आजच्या, सकाळच्या. चौथी 19 मे. मामा, आज जुलै आहे.

मामा : म्हणजे आज एकच गेली. चौथी दोन महिन्यांपूर्वीच गेली, आणि तेव्हापासून तू तीन डिस्कवर लग्नं लावतीयेस.

भाची : शक्यच नाही. सगळं नीट चालू होतं!

मामा : चालूच राहतं, रेड त्यासाठीच असतं. अॅरेत काही बदल झाला की हा आकडा वाढतो आणि सगळ्या हजर डिस्कवर लिहिला जातो. जी बाहेर पडली तिचा तिथेच थांबतो. 13 चा फरक म्हणजे शेवटच्या काही क्षणांचा. 16 हजारांचा फरक म्हणजे तिच्यावर मेमधला शिळा डेटा आहे. ती आता जमेत धरायची नाही. ती घुसवली तर अर्धं मेचं, अर्धं जुलैचं, अशी खिचडी होईल.

भाची : मग तिसरी? ती मेली नाहीये?

मामा : कर्नलचा लॉग काय म्हणतो ते बघू. कितीदा तरी डिस्क मेलेली नसते, उत्तर द्यायला उशीर करते. एखादा सेक्टर वाचता येईना की साधी डेस्कटॉप डिस्क मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते. लिनक्स 30 सेकंद वाट बघतं, मग डिस्कला रीसेट मारतं, आणि त्या गोंधळात अॅरे तिला बाहेर काढतं. अॅरेसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात, मग तो सेक्टर पॅरिटीवरून भरून काढता येतो.

भाची : पण डिस्कची स्वतःची स्मार्ट तपासणी ‘पास्ड’ दाखवतेय.

मामा : त्या एका शब्दावर जाऊ नकोस. 2024 च्या मेमध्ये मुंगेशपूरच्या हवामान केंद्रावर 52.9 अंश तापमान नोंदलं गेलं, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच तीन अंश जास्त दाखवत होता. इथे उलट आहे, ताप असून मापक नॉर्मल दाखवतं. गुगलनं 2007 मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. पण खूण दिसली तर मात्र गंभीर. पहिली स्कॅन एरर आल्यानंतर 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता 39 पट. म्हणून ‘पास्ड’ सोड, खाली ‘पेंडिंग सेक्टर’ बघ.

भाची : 24.

मामा : मग तिला आता फार पळवायचं नाही. नेहरू प्लेसला जा आणि तेवढीच किंवा मोठी डिस्क घे. दोन घे.

भाची : स्वस्तातली चालेल?

मामा : एसएमआर नको. त्यात पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रीबिल्डमध्ये सलग लिखाण असलं की ती धापा टाकते. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या, ‘रेड’ म्हणजे लाल अशा नावाच्या काही डिस्क अशा निघाल्या, कंपनीनं 2020 मध्ये ते मान्य केलं. दुकानातच लावून ‘चालू तास’ बघ. नव्या डिस्कवर ते हजारांत असतील तर पैसे परत माग.

भाची : (नेहरू प्लेसहून परतल्यावर) दोन्ही आणल्या. पुढे?

मामा : तिसरीची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर, जीएनयू डीडीरेस्क्यूनं. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहीत जातो. ती फाइल वेगळ्या ड्राइव्हवर ठेव. लाइट गेली तरी तिथून पुढे चालू. मग मूळ तिसरी काढून ड्रॉवरमध्ये. तिची नक्कल, पहिली आणि दुसरी या तिघींना ‘असेम्बल’ आणि ‘फोर्स’. फोर्स म्हणजे त्या 13 च्या फरकाकडे कानाडोळा कर. चौथी केबलसकट बाहेर. आणि माउंट फक्त वाचण्यापुरतं.

भाची : मग दुसरी नवी डिस्क लावून रीबिल्ड करायचं?

मामा : इथेच सगळे घाई करतात. आधी डेटा बाहेर काढ, या सीझनचे पैसे ज्यांच्याकडून यायचेत त्यांचा सगळ्यात आधी. रीबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला 150 मेगाबाइट धरले तरी साडेसात तास. त्याही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच उन्हाळ्यात तापलेल्या. कॉपी हातात असली की मग खुशाल रीबिल्ड कर.

भाची : खरं सांगू? रेड आहे म्हणून बॅकअप घेतलाच नव्हता.

मामा : डिस्क गेल्यावर रेड काम चालू ठेवतं. फाइल पुसली, व्हायरस आला, तर तेही चारही डिस्कवर इमानेइतबारे लिहितं. 23 नोव्हेंबर 2022 ला आपल्या एम्समध्ये रॅन्समवेअर शिरलं. पाच सर्व्हर, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद. कितीतरी दिवस ओपीडीचं काम कागदावर चाललं. तिथे एकही डिस्क तुटली नव्हती, अॅरे कितीही धडधाकट असतं तरी उपयोग नव्हता. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

भाची : आणि ती चौथी गेली हे मला मेमध्येच कसं कळलं असतं?

मामा : एमडीएडीएमचा मॉनिटर मेल पाठवतो. डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण तपासणीही आपोआप होते. पण कॉन्फिगमध्ये तुझा पत्ता घातला नसेल तर मेल रूट या मुख्य खात्याला जातो, त्याच मशीनवर. लॉग-इन करून रूटची टपाल उघड.

भाची : उघडली. अरे देवा. ‘डिग्रेडेड अॅरे’, ‘डिग्रेडेड अॅरे’... 20 मेपासून रोज एक.

मामा : आता त्या कॉन्फिगमध्ये तुझा पत्ता घाल. माझा नको.