मागचे स्पीकर मागे का नसतात?

आपल्याकडे होम थिएटर घेतलेल्या घरात गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. मधोमध टीव्ही आणि शोकेसमध्ये पाचही स्पीकर ओळीने मांडलेले, जणू स्नेहसंमेलनातली बक्षिसंच! आपल्या हॉस्टेलची कॉमन रूमही याला अपवाद नव्हती. ‘सेट खराब झालाय, डायलॉग कळत नाहीत’ अशी ओरड झाली आणि नवीन सेटसाठी वर्गणी काढायचं ठरू लागलं. दरडोई १५० रुपये, मुलं १६०, म्हणजे २४,००० रुपये. महिनाअखेरीला मेसचं बिल भरताना ज्यांची ओढाताण होते त्यांच्यासाठी १५० ही काही किरकोळ रक्कम नव्हे. त्यात शेजारच्या रीडिंग रूममधून धडधडीची तक्रार, आणि ‘पुन्हा तक्रार आली तर सेट स्टोअरमध्ये टाकतो’ ही रेक्टर सरांची तंबी.

मी आणि माझा ई अँड टीसीचा रूममेट सरांकडे गेलो. म्हटलं, ‘‘सर, एक रविवार द्या.’’

‘‘देतो रे, पण भिंतीला भोकं किती पाडणार ते आधी सांग.’’

चार भोकं पाडली. ती कुठे पाडली आणि का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी कानांबद्दल थोडंसं. आवाज कुठून आला हे मेंदू प्रामुख्याने दोन गोष्टींवरून ओळखतो: दोन कानांत आवाज पोहोचण्यातला वेळेचा फरक आणि आवाजाच्या जोरातला फरक. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे मांडलं. आवाज बरोबर बाजूने आला तर वेळेचा फरक सर्वांत जास्त, तोही जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. आवाज नाकासमोरून आला तर फरक शून्य. आणि बरोबर पाठीमागून आला तरी शून्यच! म्हणून डोकं न हलवता बसलेल्या माणसाची ‘समोर की मागे?’ अशी गल्लत होऊ शकते. ५.१ मधले सराउंड स्पीकर थेट पाठीमागे लावत नाहीत यामागे हेही एक कारण आहे. या चॅनलवर असतं तरी काय? पाऊस, रातकिडे, स्टेडियममधला गलका, मोठ्या हॉलचा घुमार. हे सगळं आपल्याला वेढून यायला हवं, आणि वेढल्याची जाणीव बाजूंनी येणाऱ्या आवाजातून जास्त होते.

यासाठी आयटीयूची शिफारस आहे, बीएस ७७५ नावाची. प्रेक्षकाच्या समोरची दिशा ० अंश धरली तर सेंटर स्पीकर तिथे, डावा-उजवा ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. ९० म्हणजे बरोबर कानाची बाजू. म्हणजे कानाच्या किंचित मागे, बस. ‘मागचे स्पीकर’ हे नावच मुळात दिशाभूल करणारं आहे.

कोनमापक घेऊन कॉमन रूममध्ये कोण फिरणार? त्यापेक्षा दोरा आणि टॅन टेबल बरं. आपली रूम ६ मीटर रुंद. टीव्हीपासून ४ मीटरवरची मधली खुर्ची आम्ही संदर्भ धरली. समोरचे दोन स्पीकर मध्यापासून ४ × टॅन ३०, म्हणजे २.३ मीटरवर. सराउंडसाठी ११० अंश घेतले, म्हणजे कानाच्या रेषेच्या २० अंश मागे. भिंत ३ मीटरवर, ३ × टॅन २० म्हणजे साधारण १.१ मीटर. खुर्चीच्या रेषेपासून बाजूच्या भिंतीवर १.१ मीटर मागे खडूने खूण केली. झालं. एम-वनमधलं त्रिकोणमितीचं ज्ञान प्रथमच कुठेतरी उपयोगी पडलं.

आता खरी अडचण. घरात चार माणसं बघतात, इथे मॅचच्या दिवशी चाळीस. स्पीकरच्या बरोबर खाली येणाऱ्या ओळीत, उजव्या भिंतीपासून १ मीटरवर जो बसतो त्याच्यापासून डावा स्पीकर ५ मीटर लांब. स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवला तर अंतराचं गुणोत्तर १:५, म्हणजे थेट आवाजात १४ डेसिबलचा फरक. त्या बिचाऱ्याला पाऊस एकाच कानात पडतो. तोच स्पीकर कानापेक्षा १.२ मीटर वर नेला, तर पायथागोरस लावून अंतरं १.५६ आणि ५.१४ मीटर होतात आणि फरक सुमारे १०.४ डेसिबलवर येतो. नुसत्या उंचीमुळे साडेतीन डेसिबल वाचले, तेही फुकट! घरी कानाच्या वर दीड-दोन फूट पुरतात. आपण गर्दीसाठी जमिनीपासून २.३ मीटरवर लावले. स्पीकरचं तोंडही थेट जवळच्या डोक्यावर न रोखता समोरच्या भिंतीकडे वळवलं.

वायरबद्दल दुकानदार वाट्टेल ते सांगतात. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम. १० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२४ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरला नुकसान ०.३ डेसिबल, कोणाला कळणार नाही. सोन्याचा मुलामा वगैरे विसरा. पण प्लस-मायनस मात्र चुकवू नका. एका स्पीकरचं उलटं लागलं तर आवाजाला ठिकाणच राहत नाही आणि बेस पातळ होतो. शंका असेल तर ॲम्प्लिफायरकडून वायर काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सगळ्यांचा कोन एकाच दिशेला हलला पाहिजे.

मग रिसीव्हरमधलं अंतराचं सेटिंग. सेंटर ४ मीटरवर, सराउंड ३.४ वर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे सराउंडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोहोचतो. आणि कान आधी आलेल्या आवाजाला मान देतो (हेल्मुट हास यांचं १९४९ चं संशोधन हेच). खरी अंतरं भरली की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो. त्यानंतर टेस्ट टोन लावून मधल्या खुर्चीत सगळ्यांचा आवाज सारखा केला. सराउंड मुद्दाम मोठे ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, आम्हालाही मागून फर्माइशी आल्या. ऐकायचं नाही! ‘ते मागचे वाजतायत का?’ असं कोणी विचारलं आणि वायर काढल्यावर लगेच ‘काहीतरी गेलं’ म्हणाला, की सेटिंग बरोबर.

एवढं करूनही संध्याकाळी सराउंड नीट वेगळे बोलेनात. कारण निघालं टीव्हीच्या मेनूत. ऑप्टिकल आउटपुट ‘पीसीएम’वर होतं आणि त्या केबलमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात. ‘बिटस्ट्रीम’ केल्यावर डॉल्बी डिजिटलचे सहाही चॅनल मिळाले. डायलॉग सेंटरमधून स्पष्ट यायला लागले, आणि वर्गणीचा विषय तिथेच थांबला. वायर, ब्रॅकेट, स्क्रू मिळून १,२०० रुपयांच्या आत भागलं.

सबवूफर रीडिंग रूमच्या भिंतीच्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यात रूमचे सगळे रेझोनन्स जोरात उठतात. ८० हर्ट्झखालच्या आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही, म्हणून तो समोर टीव्हीजवळ आणला आणि लेव्हल कमी केली. धडधड बरीच कमी झाली, पूर्ण नाही. म्हणून पीएलमध्ये रात्री दहानंतर तो बंद ठेवायचा, असं रीडिंग रूमवाल्यांशी ठरलंय.

शेवटच्या दोन ओळींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांना सराउंड समोरूनच ऐकू येतात. ७.१ मध्ये यासाठी १३५ ते १५० अंशांवर आणखी एक जोडी असते, पण आपल्या सेटला तेवढे चॅनलच नाहीत. तोवर मॅचला लवकर या आणि तिसरी ओळ पकडा. मधली खुर्ची सोडून, ती रेक्टर सरांची झाली आहे.